मुक्या जिवाचे दुखणे

कासवाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून पुढे जाण्याची सवय अजून सुटलेली नाही, आणि विहिरीत कासव असले की पाणी निर्मळ राहते ही समजूतही ठिकठिकाणी टिकून आहे. सदाशिव पेठेतील बहुतेक वाडे गेले, आड बुजले, त्यांच्या जागी सदनिका आल्या. कासव मात्र हद्दपार झाले नाही. ते आता दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत येऊन बसले आहे. मुलाच्या हट्टापायी किंवा वास्तुशास्त्राच्या नावाखाली आणलेल्या या पाहुण्याची अवस्था काय असते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

शहरी घरांत प्रामुख्याने दोन जातींची कासवे दिसतात. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हिरवे पिल्लू हे ‘रेड इअर्ड स्लायडर’. त्याचे मूळ घर अमेरिकेच्या दक्षिण भागात. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले ते आपले देशी तारा कासव. पहिले पाण्यात राहणारे, तर दुसरे कोरड्या गवताळ माळावरचे. एकाला उन्हात अंग शेकण्यासाठी कोरडी जागा लागते, तर दुसऱ्याला खोल पाण्यात टाकणे म्हणजे बुडवून मारणेच होय. तरीही दोघांनाही एकाच तऱ्हेच्या पेटीत, एकाच तऱ्हेचे अन्न देऊन ठेवले जाते.

कुत्रे विव्हळते, मांजर कण्हते. सरपटणारा प्राणी आपले दुखणे लपवतो. निसर्गात दुर्बलता दाखवणारा प्राणी शिकार होतो, म्हणून लपवणे हीच त्याची संरक्षणाची रीत. परिणामी ‘आमचे कासव अगदी शांत आहे’ असे ज्याच्याविषयी कौतुकाने सांगितले जाते, ते कित्येकदा मरणपंथाला लागलेले असते. सुजलेल्या पापण्या बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाकडे बोट दाखवतात. मऊ पडलेले किंवा वेडेवाकडे वाढलेले कवच हे कॅल्शियमच्या व उन्हाच्या कमतरतेचे लक्षण होय. पाण्यात एका अंगाला कलून तरंगणे, नाकातून बुडबुडे येणे ही फुप्फुसाच्या विकाराची चिन्हे. आणि ही चिन्हे उघड दिसू लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो.

उपाय अवघड नाहीत. पण ते माहीत असावे लागतात. कवच व हाडे घट्ट होण्यासाठी उन्हातील ज्या अतिनील किरणांची गरज असते, ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. म्हणून पेटी खिडकीशी ठेवल्याने काम भागत नाही. सकाळचे थेट ऊन, किंवा त्यासाठी बनवलेला खास दिवा हवाच. सोबत सावलीही हवी. स्लायडरला साधारण २५ अंशांचे स्वच्छ पाणी आणि ३० ते ३२ अंशांची शेकण्याची जागा लागते. पुण्याच्या थंडीत ती नसली की त्याची पचनक्रिया मंदावते, आणि घरच्यांना वाटते की ते झोपी गेले आहे. नुसती वाळवलेली कोळंबी हा आहार नव्हे. वय वाढेल तसा पालेभाजीचा वाटा वाढावा लागतो. आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठे दिसणारे हे पिल्लू पुढे जवळजवळ फूटभर वाढू शकते आणि वीस-तीस वर्षे जगू शकते.

माणसाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हाताळल्यावर हात साबणाने धुणे आणि पेटी स्वयंपाकघरातील मोरीत न धुणे, एवढे पथ्य तरी पाळलेच पाहिजे.

यापुढचा भाग कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि तारा कासव पहिल्या अनुसूचीत गेले. ते घरात बाळगणे हा आता तीन ते सात वर्षांच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. चोरट्या व्यापाराने माळरानांची जी लूट चालवली आहे, ती पाहता ही कठोरता योग्यच. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम होतो. मालकीचा दाखला असलेल्यास प्राणी स्वेच्छेने सरकारजमा करण्याची तरतूद याच दुरुस्तीत आहे; ज्याने अज्ञानापोटी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून कासव घेतले, त्याच्याजवळ दाखला कोठून असणार? मग भीतीपोटी आजारी कासव पशुवैद्याकडे नेले जात नाही, किंवा अंधार पडल्यावर मुठेत सोडले जाते. माळावरच्या जिवाला नदी म्हणजे मृत्यूच. उलट स्लायडर नदीत तग धरतो आणि देशी कासवांचे अन्न व जागा बळकावतो. जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींत त्याची गणना आहे.

दाखल्याविना कासव स्वीकारू लागलो तर चोरट्यांचे फावेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु एखादे कासव घेऊन आपणहून दारी आलेले कुटुंब आणि पोत्यात शेकडो पिल्ले भरून नेणारा तस्कर यांतील फरक ओळखणे प्रशासनाला अशक्य नाही. वन विभागाने ठरावीक मुदतीपुरते चौकशीच्या धाकाविना तारा कासवे स्वीकारावीत. महापालिकेने कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नको झालेल्या स्लायडरसाठी स्वतंत्र तळे राखावे. कासवे विकणाऱ्या दुकानदाराला प्राण्याचे आयुष्य, पूर्ण वाढ व गरजा लेखी देणे बंधनकारक करावे.

वेळासच्या किनाऱ्यावर सागरी कासवांची पिल्ले समुद्राकडे झेपावताना पाहण्यासाठी पुणेकर मोठ्या हौसेने जातात. पिल्लाला स्पर्श न करता ते पाण्यात शिरेपर्यंत दूर उभे राहण्याचा संयम तिथे प्रत्येकजण पाळतो. त्या संयमाची गरज पेठेतील दिवाणखान्यातही आहे. ज्यांच्या घरी स्लायडर आधीच आले आहे त्यांनी ते जाणतेपणाने शेवटपर्यंत सांभाळावे, आणि ज्यांनी अद्याप आणलेले नाही त्यांनी मुलाचा हट्ट यंदा वेळासच्या सहलीवर भागवावा.