टाके मोजता, मग तास का नाही?

इन्स्टावर 'क्रोशे' एवढं टाइप करून बघा. न कोमेजणारे ट्युलिपचे गुच्छ, इअरबड्सची कव्हरं, बकेट हॅट, बेडकाच्या तोंडाची पर्स... स्क्रोल करून बोट दुखेल. यातली कितीतरी अकाउंट्स तुमच्याच वयाच्या पोरापोरींची आहेत. लेक्चर, लोकल आणि सबमिशन यांच्या फटीत बसून विणणाऱ्यांची. तुम्ही त्यातले एक असाल, तर हे तुमच्यासाठी. नसाल, तर अशांकडून वस्तू विकत घेणारे नक्की असाल. तेव्हा तुमच्यासाठीही.

विणणाऱ्याला ऑनलाइन मंडळी का लागतात? कारण वर्गात बहुतेक वेळा तो एकटाच असतो. बॅगेतून सुई काढली की 'काय आजीबाई!' ठरलेलं. मुलगा विणत असेल तर विचारूच नका. २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेला ब्रिटिश डायव्हर टॉम डेली प्रेक्षागृहात बसून विणताना दिसला, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. बातमी व्हावी लागली, यातच सगळं आलं.

ग्रुपवर मात्र असं काही समजावून सांगावं लागत नाही. यूट्यूब बघून केलेली टोपी परडीएवढी का झाली, असं रात्री एक वाजता विचारा. अनोळखी कुणीतरी विचारतं, 'पॅटर्न अमेरिकन की ब्रिटिश?' कारण अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. घरातल्या मावशीला विचारलं तर ती साखळ्या आणि खांब मोजायला लावेल, ते वेगळंच. मग सगळं उसवायचं. त्यालाही तिकडे नाव आहे, 'फ्रॉगिंग'. 'रिप इट, रिप इट' म्हणजे बेडकाचं डरांव डरांव! उसवण्याचं दुःख असं हसण्यावारी नेणारी माणसं भेटणं ही मोठी गोष्ट आहे.

पण बॉस, मुद्दा पुढे आहे. या ग्रुप्सवर आपण टाक्यांबद्दल तासन् तास बोलतो आणि तासांबद्दल बोलतच नाही.

साधा हिशेब करू. समजा, एका ट्युलिपला पाऊण तास लागतो. दहा फुलांच्या गुच्छाला साडेसात तास. गुच्छ विकला ६०० रुपयांना. दोरा, तार, पॅकिंगचे २०० वजा करा. उरले ४००. म्हणजे तासाला साधारण ५३ रुपये. त्यात डीएमना उत्तरं देणं, फोटो काढणं, कुरिअरच्या रांगेत उभं राहणं धरलेलंच नाही. वर 'भैया, थोडं कमी करा ना' आहेच. 'सो क्यूट'च्या शंभर कमेंट्स आल्या, तरी हा हिशेब बदलत नाही.

ही सवय आजची नाही. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात. क्रोशाचे रुमाल, तोरणं, भरतकाम, सगळं बघून लोक 'वा!' म्हणतात आणि जेवायला जातात. किती दुपारी गेल्या, कुणी विचारत नाही. 'वेळ जावा म्हणून करते' असं ती करणारीही म्हणते.

या वाक्याची किंमत काय असते, हे आंध्र प्रदेशातल्या नरसापूरमध्ये दिसलं. तिथल्या बायका घरी बसून क्रोशाची लेस विणायच्या आणि ती परदेशात जायची. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या बायका दिवसाचे कितीतरी तास राबत होत्या, पण सगळ्यांच्या लेखी त्या 'गृहिणी'च. काम फावल्या वेळेतलं, म्हणून मजुरी अगदी किरकोळ. नफा मात्र व्यापाऱ्यांचा आणि निर्यातदारांचा. एकेकटी घरात बसलेली बाई भाव तरी कुणाला विचारणार?

आणि एक गोष्ट. कारखान्यातली मशीन्स निटिंग करतात, क्रोशासारखं दिसणारं कापडही काढतात. पण खरा क्रोशा अजूनही हातानंच होतो. सेलमध्ये स्वस्तात मिळालेला टॉप खरोखर क्रोशाचा असेल, तर तो कुणाच्या तरी बोटांनी टाका टाका करून विणला आहे. तिला त्यातले किती मिळाले असतील, तुम्हीच विचार करा.

'पण माझी तर हॉबी आहे, पॉकेटमनी सुटला की झालं,' असं तुम्ही म्हणाल. मैत्रिणीला भेट द्यायचीय? खुशाल फुकट द्या. पण विकायला बसलात की पूर्ण भाव लावा. तुम्ही हौसेखातर निम्म्या भावात दिलेली पिशवी तुमच्याच गल्लीतल्या, विणकामावर घर चालवणाऱ्या काकूंचा भाव पाडते. गिऱ्हाईक त्यांना तुमचा स्क्रीनशॉट दाखवतं. महाग वाटतं म्हणून कुणी घेत नसेल, तर लहान वस्तू करा, की-चेन करा. तास मात्र कापू नका.

इथेच ऑनलाइन ग्रुप कामाला येतो. नरसापूरच्या बायकांकडे जे नव्हतं ते तुमच्या खिशात आहे, एकमेकींना विचारण्याची सोय. २०१६ मध्ये चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या फेसबुकवरून जमलेल्या ग्रुपनं ११ हजार चौरस मीटरहून मोठं ब्लँकेट करून गिनेस विक्रम केला. गावोगावी विणलेले तुकडे एकत्र जोडून! इतक्या हातांना एका मापाचे तुकडे विणायला जमतं, तर भावाबद्दल मोकळं बोलायला का जमू नये?

मग सुरुवात अशी करा. पुढच्या पोस्टमध्ये फोटोखाली लिहा: दोरा अमुक, तास इतके. पॅटर्न दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरी या विणणाऱ्यांच्या साइटवर पॅटर्नच्या पानावर डिझायनरचं नाव असतंच. विकत घेतलेल्या पॅटर्नची पीडीएफ टेलिग्रामवर फुकट फिरवणं बंद करा, तेही कुणाचे तरी तासच आहेत. नवख्या मुलीनं 'किती लावू गं?' विचारलं, तर हार्टचा इमोजी टाकून पळू नका, आकडा सांगा.

आणि विकत घेणाऱ्यांनो, घासाघीस करण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा, 'किती वेळ लागला?' उत्तर ऐकून मग ठरवा, कमी करा म्हणायचं की नाही ते.