दुसऱ्यांदा येणारी वीज

एम्बेडेड प्रोसेसर मॉड्यूलच्या माहितीपत्रकात पुरवठे कोणत्या क्रमाने चालू व्हावेत याचा आलेख दिलेला असतो आणि बहुतेक अभियंते तो काटेकोरपणे पाळतात. मात्र तो आलेख शून्य व्होल्टपासून सुरू होतो, आणि सावंतवाडी, दोडामार्ग, आंबोली या पट्ट्यात पावसाळ्यात नेमके हेच गृहीत धरता येत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, तरीही यंत्राच्या दृष्टीने तो सोपा प्रसंग होता, कारण तेवढ्या अवधीत प्रत्येक कपॅसिटर पूर्ण रिकामा होतो. खरा घात करते ती फांदी तारेला घासल्यामुळे क्षणभर जाऊन लगेच परतणारी वीज.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स प्रोसेसर मालिकेत गाभ्याला सुमारे १.१, डीडीआर३ स्मृतीला १.५, तर बाह्य जोडण्यांना १.८ किंवा ३.३ व्होल्ट लागतात. बंद होताना हे पुरवठे उलट क्रमाने उतरावेत आणि त्या काळात ३.३ व १.८ व्होल्टच्या पुरवठ्यांतील फरक २ व्होल्टच्या वर जाऊ नये, असे निर्माताच बजावतो. अर्ध्या सेकंदाच्या खंडात एक पुरवठा शून्यावर येतो, दुसरा कमी भारामुळे एखाद्या व्होल्टवर रेंगाळतो, आणि त्या उरलेल्या दाबामुळे एखादी चिप रीसेट न होताच अर्धवट अवस्थेत अडकून पडते. पाया-फलकावरील, म्हणजे मॉड्यूल ज्यावर बसते त्या कॅरियर बोर्डवरील, स्वतंत्र पुरवठ्याचा संवेदक जोडणीच्या पिनांतील संरक्षक डायोडमधून बंद प्रोसेसरला वीज पाजत राहिला, तर दोष आणखी बिकट होतो. म्हणूनच बीगलबोन ब्लॅक या बोर्डमध्ये रीसेट सुटेपर्यंत कोणत्याही पिनवर व्होल्टेज देण्यास मनाई आहे, आणि स्मार्क या मॉड्यूल मानकात पाया-फलकाचे पुरवठे मॉड्यूलच्या इशाऱ्यानंतरच चालू करायचे असतात.

उपाय महाग नाहीत. प्रत्येक पुरवठ्यावर बंद होताच साठा उपसणारा रोध किंवा तशी सोय असलेला रेग्युलेटर, व्होल्टेज घसरताच रीसेट ओढून धरणारा पर्यवेक्षक, आणि फाइल लिहून संपेपर्यंत तग धरणारा कपॅसिटर, इतके पुरते. ५ वॅटच्या भाराला ५० मिलिसेकंद सांभाळायचे, १२ व्होल्टपासून ७ पर्यंत उतरू द्यायचे आणि रूपांतरणाची कार्यक्षमता ८५ टक्के धरायची, तर सुमारे ६,२०० मायक्रोफॅरड लागतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्ण हवेत वर्षागणिक क्षमता गमावत असल्याने याहून बराच मोठा घ्यावा.

त्यानंतर चाचणी. टेबलावरच्या स्थिर पुरवठ्याने एकदा चालू करून पाहणे ही चाचणीच नव्हे. खंडाचा अवधी १० मिलिसेकंदांपासून ५ सेकंदांपर्यंत थोडा थोडा वाढवत, गाभा, जोडण्या आणि रीसेट या तिन्ही रेषा ऑसिलोस्कोपवर एकत्र पाहाव्यात, हजारो वेळा. मॉड्यूल विकणाऱ्यांनीही दोनदा चालू होण्यातील किमान बंद-अवधी माहितीपत्रकात छापावा. आंबोलीच्या घाटात पर्जन्यमापक बसवणाऱ्याला सर्वांत आधी तोच आकडा हवा असतो.