बिनबिलाची थैली, वाली कोण?

मृग तोंडावर आला की कृषी केंद्रांसमोर गर्दी होते. पण कपाशीच्या पट्ट्यात एक बियाणे असेही आहे, ज्यासाठी कृषी केंद्राची पायरी चढावी लागत नाही. ते मोटारसायकलवरून घरपोच येते. थैलीवर कधी कसलेसे नाव असते, कधी नुसतेच बोंडाचे चित्र. बिल नाही, लॉट नंबर नाही आणि विकणाऱ्याचा मोबाईल पेरणी आटोपली की बंद. आपण त्याला 'चोर बीटी' म्हणतो. कोण आणतो, कुठून आणतो हे गावात सगळ्यांना माहीत असते. पंचनाम्याच्या वेळी मात्र कोणालाच माहीत नसते.

हे बियाणे घेणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. मुंबई-दिल्लीत बसून तर फारच सोपे. पण पावसाची झड लागली की डवरा चालत नाही, तण पऱ्हाटीच्या वर जाते, निंदायला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी निंदणाचा खर्च झेपत नाही. अशा वेळी कोणी म्हटले, "भाऊ, वरून फवारा मारा, गवत जयते, पऱ्हाटी तशीच रायते," तर कोण नाही म्हणेल? (निंदणाच्या मजुरीवर ज्या बायांचा पावसाळा निघतो त्यांचे काय, हा प्रश्नही खरा आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

तरीही थैलीत काय आहे ते नीट समजून घ्या. ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करण्याचा गुण या सरकीत घातलेला आहे. अळीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अळीसाठी त्यात जे बीटी आहे ते तेच जुने, आणि गुलाबी बोंडअळी २००६ साली आलेल्या बोलगार्ड-२ लाही केव्हाच सरावली आहे. तेव्हा 'नवीन बीटी आहे, अळी येत नाही' असे सांगून कोणी जास्तीचे पैसे घेत असेल, तर तो तुम्हाला सरळसरळ फसवतो आहे. बरे, थैलीतल्या एकूण एक सरकीत तो गुण असेलच याची हमी कोणाची? फवारा मारला आणि अर्धे वावर जळाले, तर उत्तर द्यायला समोर माणूसच नसतो.

आणि तुरीचे काय? कपाशीत तुरीच्या ओळी घालण्याची आपली वहिवाट बापजाद्यांपासूनची. ज्या वर्षी कापूस दगा देतो त्या वर्षी घर तुरीवर चालते. ग्लायफोसेट तूर ओळखत नाही. ते तूर जाळते, मूग-बरबटी जाळते, धुऱ्यावरची भाजी जाळते, आणि वारा फिरला तर शेजाऱ्याची साधी बीटीसुद्धा जाळते. मग धुऱ्यावरचे भांडण ठाण्यात जाते. या औषधाला आपल्या देशात परवानगी आहे ती चहाच्या मळ्यांपुरती आणि पीक नसलेल्या जागेपुरती. कपाशीवर किती मारायचे हे डब्यावर लिहिलेलेच नाही. ते आपण एकमेकांना विचारून ठरवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, हे खरे. पण अंदाजाने औषध मारण्याची सवय तीच आहे.

बिलाची किंमत काय, हेही २०१७ नेच दाखवले. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने राज्यातली कपाशी खाल्ली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये मदत जाहीर झाली. कोरडवाहूच्या रकमेची फोड अशी होती : आपत्ती निधीतून ६,८००, पीक विम्यातून ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा कंपन्यांनी द्यायचा होता. त्यासाठी राज्याच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखालचा जी फॉर्म भरायचा आणि सोबत बिल जोडायचे. बिलाच्या कागदासाठी घराघरांत पेट्या उलथ्या झाल्या. पुढे कंपन्यांनी जबाबदारी मान्य केली नाही आणि तो पैसा वादात अडकला. बिल असणाऱ्याची ही गत, तर बिनबिलाच्या थैलीवाल्याने कोणाच्या दारात उभे राहावे? बियाणे खराब निघाले तर शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. पण आपण ग्राहक आहोत हे दाखवायला काहीतरी कागद लागतो ना!

मग सरकार परवानगी का देत नाही, असे तुम्ही विचाराल. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. लपून पेरण्यापेक्षा उघड पेरणे केव्हाही प्रामाणिक. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याला हवा, ही त्यांची मागणी मला मान्य आहे. राग आहे तो सरकारच्या गुळमुळीतपणाचा. सरकार धड हो म्हणत नाही आणि जे नाही म्हटले ते पाळतही नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत चोर बीटीवाल्याचे दुकान चालते. यात नवे काहीच नाही. २००१ साली गुजरातमध्ये नवभारत १५१ या वाणात बीटीचे जनुक सापडले, उभे पीक जाळण्याचा हुकूम निघाला आणि २६ मार्च २००२ ला त्याच जनुकाच्या तीन संकरित वाणांना दिल्लीने रीतसर मंजुरी दिली. चोर आधी आला, परवाना मागून.

बांगलादेशात काय झाले पाहा. बीटी वांगे जालन्याच्या महिकोचे. आपल्याकडे ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ते रोखून धरले. तेच जनुक बांगलादेशाच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने तिथल्या सरळ वाणांत घातले. ऑक्टोबर २०१३ मध्ये चार वाणांना मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या सुरुवातीला वीस शेतकऱ्यांच्या हाती रोपे पडली. ते वांगे चांगले की वाईट, हा इथे मुद्दा नाही. मुद्दा असा की रोप कोणी दिले हे तिथे कागदावर आहे आणि वाण सरळ असल्याने बी घरी धरता येते. आपल्या कपाशीत बीटी आले ते संकरित वाणांतून, म्हणून दर मृगाला थैलीसाठी हात पसरणे आले. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने आणि आपल्या कृषी विद्यापीठांनी लवकर येणारे सरळ वाण गावोगाव पुरतील इतके पुरवावेत, ही मागणी ग्रामसभांनी ठराव करून लावून धरली पाहिजे.

सरपंच, पोलीस पाटील आणि कृषी खात्याच्या मंडळींना एक विनंती. धाड घालायची तर साठ्यावर घाला, पेरलेल्या वावरावर नको. ज्याच्या घरी चार थैल्या सापडतात तो बहुतेक वेळा फसलेला असतो. ज्याच्या गोदामात चारशे असतात तो फसवणारा.

आणि शेतकरी बंधूंनो, यंदा थैली घेताना पक्के बिल मागा, त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. बिलाची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा. थैली टॅगच्या बाजूने न फाडता खालून फाडा आणि थोडी सरकी तिच्यातच बांधून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तक्रार निवारण समिती वावरात आली की पहिल्यांदा याच वस्तू मागते.