मोडशी आणि गार्सिया द ओर्ता

घरांत कोणास जेवण बाधलें, दोनचार ढाळवांत्या झाल्या, कीं आमच्या रत्नागिरीकडच्या वृद्ध स्त्रिया अजूनही "मोडशी झाली" म्हणतात आणि सुंठ उगाळावयास घेतात. शब्द आतां अगदीं घरगुती होऊन बसला आहे. परंतु सोळाव्या शतकांत गोमंतकांत ह्याच शब्दाचा अर्थ पटकी असा होता. "मोडणें" ह्या धातूवरून तो आला. माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी. पोर्तुगीजांनीं त्याचें "मोर्देशी" केलें, आणि फ्रेंचांनीं तर "मॉर द श्यँ", म्हणजे कुत्र्याचें मरण, असें करून टाकलें! अपभ्रंशाचें इतकें क्रूर उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

इ. स. १५४३ सालीं गोव्यांत मोडशीची मोठी सांथ आली. तिची हकीकत गास्पार कोरेइया ह्या पोर्तुगीज बखरकारानें लिहून ठेविली आहे. अंगावरच्या मुलापासून ऐंशीं वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणाचीच तिनें गय केली नाहीं. अखेर मृतांसाठीं चर्चच्या घंटा वाजविण्यास गव्हर्नरानें मनाई केली. एक प्रेत फाडूनही पाहिलें. आंत आकसलेल्या जठरावांचून कांहीं सांपडलें नाहीं. त्याच वर्षीं तिकडे बाझेल शहरीं व्हेसेलियसचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ छापून निघाला होता. पण पटकीचें कारण सुरीला दिसण्याजोगें नव्हतेंच.

गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. लिस्बनच्या विद्यापीठांत त्यानें अध्यापन केलें होतें. इकडे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला त्यानें औषध दिलें, आणि मुंबई बेट त्याजकडे भाडेपट्ट्यानें होतें. १५६३ च्या एप्रिलांत हिंदुस्थानांतील औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यासच छापला गेला, आणि तोही लॅटिनांत नव्हे तर पोर्तुगीज भाषेंत. स्पेनमध्यें असतों तर गालेनाविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, अशा आशयाचें त्यानें त्यांत मोकळेपणानें लिहिलें आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें पोथीहून थोर मानावें, हें त्याला अरबी समुद्र ओलांडल्यावर साधलें.

मोडशीचें त्याचें वर्णन असेंच डोळस आहे. नाडी मंद, अंग गार, घाम, डोळे खोल गेलेले, पायांत वांब; बहुधा एका अहोरात्रांत मृत्यु; आणि जोर विशेषतः जून-जुलईंत. इकडचे वैद्य काय करीत, तेंही त्यानें टिपलें आहे: मिरीं व जिरें घातलेली तांदुळाची कांजी पाजणें, आणि पायांना डाग देणें. हे डाग कोठून आले, हें आमच्या संस्कृतज्ञ वाचकांनीं सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत पाहावें. तेथें विषूचिकेवर टांचांना डाग देण्याचा उपाय स्पष्ट सांगितला आहे. तेव्हां कांजीचा अभिमान बाळगणारांनीं डागण्याही पदरीं घ्याव्या. दोन्ही एकाच वैद्यानें एकाच रोग्यास दिलेल्या आहेत.

कांजी मात्र खरी ठरली. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील नामांकित डॉक्टर पटकीच्या रोग्याचें रक्त काढीत आणि पारायुक्त कॅलोमेल देत. म्हणजे ज्याच्या अंगांतलें पाणी सरलें, त्याचें उरलेलेंही काढीत! पुढें कळून आलें कीं, पटकीचा जंतु आंतड्यांतून पाणी ओतावयास लावतो खरा, परंतु साखरेच्या संगतीनें मीठ व पाणी शोषून घेण्याची आंतड्याची वाट त्या रोगांतही शाबूत राहते. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांच्याजवळचें शिरेंतून द्यावयाचें द्रव संपत आलें, तेव्हां त्यांनीं मीठसाखरेचें पाणी तोंडावाटे पाजण्यास सांगितलें, आणि मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या खालीं आलें. साखरेऐवजीं तांदुळाचें पीठ वापरूनही पटकींत गुण येतो, असें पुढील प्रयोगांत दिसलें. तांदुळांतील पिष्टाची पोटांत साखरच होते.

ओर्ताला हें पाहावयास मिळालें नाहींच, पण मेल्यावर स्वस्थताही मिळाली नाहीं. तो मूळचा यहुदी कुळांतला. १५६८ सालीं तो वारला. पुढल्याच वर्षीं त्याच्या बहिणीस, कातरीनास, गोव्याच्या इन्क्विझिशननें जाळलें, आणि १५८० सालीं त्याचीं हाडें उकरून जाळलीं. सुदैवानें क्लूसियसनें त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप १५६७ सालींच अँटवर्पला छापला होता. त्यामुळें तो युरोपांतील पंडितांपर्यंत पोंचला होता.

इतकें सांगण्यास कारण असें कीं, ढाळ लागलेल्या मुलाचें पाणी तोडावें, म्हणजे ढाळ आपोआप थांबतील, असें समजणारीं वडील माणसें आमच्या ओळखीच्या सुशिक्षित घरांतही आहेत. त्यांच्याशीं वाद घालूं नये, पण त्यांचें ऐकूंही नये. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यांत सपाट ६ चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोटघोट पाजावें, मुलानें ओकून टाकलें तरी दहा मिनिटांनीं पुन्हां पाजावें, आणि डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली तर वेळ न दवडतां दवाखाना गाठावा. घरांत पेज शिजली असेल तर तीही चालेल. मीठ मात्र बेतानेंच घालावें.