जुन्या सांगाड्यात मोठे इंजिन

मालमोटारीच्या नावातच तिची कुवत लिहिलेली असते, ही गोष्ट महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. टाटांची ‘१२१०’ ही एके काळी देशभर परिचित असलेली गाडी घ्या. पहिले दोन अंक मालासह गाडीचे एकूण वजन टनांत सांगतात. पुढच्या दोन अंकांना दहाने गुणले की इंजिनाची अश्वशक्ती ढोबळमानाने मिळते. बारा टन वजन आणि शंभर अश्वशक्ती. तिच्यानंतर आलेली ‘१६१३’ सोळा टनांची आणि एकशे तीस अश्वशक्तीची. ज्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने टेल्कोने १९५४ साली ट्रकनिर्मितीस प्रारंभ केला, तिच्या अनेक गाड्यांची नावेही याच रीतीने पडत. हे चार अंक म्हणजे वजन आणि बळ यांच्यातील एक करारच होय. जुन्या ट्रकात मोठे इंजिन बसविण्याचा जो प्रघात आहे, त्यात या कराराची एक बाजू बदलली जाते आणि दुसरी तशीच राहते. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

हा उद्योग करणारा मालक हौसेने करतो, असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडील मालवाहतूक मुख्यत्वे एक-दोन किंवा चार-पाच गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या हाती आहे. जुन्या गाडीचे कर्ज फिटलेले असते, चासी शाबूत दिसते, पण इंजिन थकलेले असते. नवा ट्रक घ्यावा तर लाखोंचे कर्ज आणि हप्त्यांचा ससेमिरा. उलट, अपघातात मोडलेल्या एखाद्या मोठ्या गाडीचे चालू इंजिन भंगार बाजारात त्या मानाने फारच थोड्या पैशांत मिळते. उरल्यासुरल्या भांडवलातून अधिकात अधिक उत्पन्न काढावे, हा अर्थशास्त्रातला प्राथमिक धडा तो पुस्तक न वाचता गिरवीत असतो. शिवाय त्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. घाटात दमछाक होऊन रांगणारा ट्रक आपल्यामागे वाहनांची रांग लावतो. मागचे अधीर चालक वळणावर पुढे घुसतात आणि समोरासमोर धडकतात. बळ कमी असणे हेही सुरक्षित नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु या वाढीव बळाचे पुढे काय होते, ते पाहावे. चढावर गाडी किती वेगाने जाईल हे प्रत्येक टनामागे किती शक्ती उपलब्ध आहे यावर ठरते. शंभराच्या जागी एकशे तीस अश्वशक्ती आली, तर तोच माल सुमारे तीस टक्के अधिक वेगाने घाट चढेल. अथवा जुन्याच वेगाने तीस टक्के अधिक वजन वर जाईल. म्हणजे बारा टनांचे पंधरा टन सहाशे किलो होतील. यांपैकी मालक काय पसंत करील? भाडे टनावर मिळते, वेगावर नव्हे. जिथे मोबदला वजनाचा आहे, तिथे बळाचे रूपांतर वजनात होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

यंत्राचे उरलेले भाग या व्यवहारात पक्षकार नसतात. क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, पाटे, चासीचे रिव्हेट, हे सारे जुन्या ओढीच्या हिशेबाने बांधलेले असतात. त्यातले एखादे तुटले तर गाडी रस्त्यात उभी राहते आणि नुकसान बव्हंशी मालकाचेच होते. ते एक वेळ सोडून देता येईल. ब्रेकची गोष्ट मात्र वेगळी. चढ इंजिनाच्या जोरावर चढता येतो. उतार मुख्यतः ब्रेकच्या भरवशावरच उतरावा लागतो. धावणाऱ्या गाडीतील ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारा टनांची गाडी ताशी ४० किलोमीटरने धावत असता तिच्यात जेवढी ऊर्जा असते, तिच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा पंधरा टन सहाशे किलोंच्या आणि ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत असते. ती सारी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. लांब उतारावर ड्रम तापून फैलावतात, लायनरची पकड सुटत जाते आणि चालकाने पाय दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन तिपटीच्या तयारीने बदलले आणि ड्रम मात्र मूळचेच राहिले, तर दुसरे काय होणार?

अशा उतारांची ओळख महाराष्ट्राला करून देण्याची गरज नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी ताबा सुटलेल्या एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांची दैना केली. त्या अपघाताचा संबंध इंजिन बदलण्याशी जोडण्याचे कारण नाही. अवजड गाडी उतारावर आवरेनाशी झाली की तिच्या मार्गात कोण येते, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे. मार्गात येतात ती कामावरून परतणारी माणसे, ज्यांना त्या गाडीच्या नफ्यात एका पैचा वाटा नाही.

दुसरा भुर्दंड रस्त्याचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून लादलेल्या गाड्या फिरविण्यात आल्या. त्या चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार तीस टक्क्यांनी वाढला, तर झीज तीस टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ तिपटीने वाढते. २०१८ साली केंद्र सरकारने चार चाकांच्या एकेरी आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. याच नियमाने पाहता कायदेशीर मर्यादेत राहूनही झिजेत सुमारे साठ टक्क्यांची भर पडू शकते. मग मर्यादेबाहेरच्या भाराबद्दल काय बोलावे? या झिजेचे बिल ट्रकमालकाकडे जात नाही. ते करदात्याकडे जाते, आणि खड्ड्यांच्या रूपाने पुन्हा सर्वांकडे येते. लाभ एकाचा आणि खर्च सर्वांचा, असा हा व्यवहार आहे.

कायद्याने याची दखल घेतलेली नाही, असे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याच विषयाचे आहे. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे त्याचे २००० सालच्या दुरुस्तीनंतरचे रूप सांगते. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ निःसंदिग्ध शब्दांत मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायदा आंधळा मात्र नाही. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसविण्याची वाट त्याने ठेवली आहे. मान्यताप्राप्त संच लावून नैसर्गिक वायूवर किंवा विजेवर गाडी चालविण्यासही अटींसह मुभा आहे. गॅरेजवाल्याच्या अंदाजाने बळ वाढविणे, एवढेच त्याला मंजूर नाही.

उणीव आहे ती तपासणीत. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनाची योग्यता-तपासणी दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी व्हावी, असा नियम आहे. पण पासिंगच्या दिवशी गाडी रिकामी असते आणि रंग नवा असतो. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहणे आणि ब्रेकची ताकद यंत्रावर मोजणे, ही दोन कामे माणसाच्या मर्जीवर न ठेवता स्वयंचलित केंद्रांत सक्तीने झाली, तर बराचसा प्रश्न तेथेच सुटेल. त्याबरोबर काटेही जागे हवेत. जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, हा दंड कागदावर जबर आहे. तो खरोखर वसूल होऊ लागला तर मोठ्या इंजिनाचा मोहच उरणार नाही. कारण जे वजन लादता येत नाही, त्यासाठी बळ विकत कोण घेईल?

मात्र दंडुक्याने भांडवल निर्माण होत नाही. लहान मालकाला जुन्या पण सुस्थितीतील मोठ्या गाडीसाठी रास्त व्याजाने कर्ज मिळाले, तर तो जुना सांगाडा ताणणार नाही. आज तो खाजगी सावकारीच्या दारात उभा राहतो, आणि जादा भरलेला प्रत्येक टन हा त्याला हप्त्यातून मिळालेला दिलासा वाटतो. मालाची मागणी करणारा व्यापारी आणि कारखानदारही यातून अंग काढून घेऊ शकत नाहीत. कमी भाड्यात जास्त माल नेणारी गाडी तेच शोधत असतात.

या साऱ्यात ज्याला कोणी विचारीत नाही तो म्हणजे चालक. इंजिन कोणते बसवावे, वजन किती भरावे, हे तो ठरवीत नाही. घाटाच्या माथ्यावरून खाली पाहताना ब्रेकवर पाय मात्र त्याचा असतो, शेजारी झोपलेला क्लीनर त्याच्या भरवशावर असतो, आणि अपघात घडलाच तर पहिला गुन्हा त्याच्याच नावावर नोंदला जातो. गाडीच्या नावातील चार अंकांचा हिशेब जुळविण्याची जबाबदारी मालकाची, व्यापाऱ्याची आणि शासनाची आहे. ती त्यांनी पार पाडली नाही, तर उतारावर तो हिशेब चालकाला आणि त्याच्या मार्गात येणाऱ्यांनाच चुकता करावा लागेल.