गाड्या आणा, पण आवाज नको

आमच्या भागात फौजेतून पेन्शनीवर आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो. मग तो नाईक असो, हवालदार असो, नाहीतर लंगरात तीस वर्षं चपात्या भाजून आलेला असो. गाव एकदा मेजर म्हणालं की मेजर! आमच्या शेजारचे मेजरकाकाही असेच. हुद्द्यानं हवालदार. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले, म्हणजे जंगी पलटणीतले. रिटायर झाल्यावर काही वर्षं साखर कारखान्यावर वॉचमन होते, मग घरची दोन एकर शेती आणि एक जुनी एम-एटी. त्या गाडीवरून ते कॅन्टीनचं सामान आणायचे आणि गल्लीतल्या पोरांना शाळेतही सोडायचे.

गेल्या थंडीत बेळगावच्या दवाखान्यात काका गेले. पंच्याहत्तरीला आले होते. रात्री अकराला निरोप आला. सकाळी सहाला माझ्या दारात मोटारसायकली येऊन थांबल्या. तरुण मंडळाची सात-आठ पोरं. त्यातली निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली.

"बाई, मेजर आबांना दहापर्यंत आणतील. आम्ही तवंदी घाटाखाली गाड्या घेऊन थांबतो. पंचवीस-तीस गाड्या होतील. तिथनं गावापर्यंत पुढं-मागं गाड्या आणि मधे आबा. तुम्ही जरा आजीला विचारा की."

खरं सांगते, मला रागच आला. या पोरांच्या मोटारसायकली मी काय आज पाहते आहे? शिवजयंती असो, गणपती असो, निवडणुकीचा निकाल असो, सायलेन्सरची पुंगळी काढायची, एका गाडीवर तिघांनी बसायचं, चौथ्यानं मोबाईलवर शूटिंग करायचं. मी म्हटलं, "मयत आहे रे बाबांनो. मिरवणूक काढताय काय?"

पोरं गप्प झाली, पण हलली नाहीत. मग एक जण हळूच म्हणाला, "जवान शहीद झाला की आपण जातोच की बाई, गाड्या घेऊन. मग मेजर आबा काय कमी होते?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जवान शहीद झाला की काय होतं, हे आपल्या भागाला सांगायला नको. विमान सांबऱ्याला उतरतं, मराठा सेंटरमध्ये मानवंदना होते आणि मग फुलांनी सजवलेली गाडी गावाकडे निघते. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या बर्फाखाली सहा दिवस तग धरून राहिलेल्या लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद यांचं दिल्लीत निधन झालं. धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचा हा जवान. हुबळीच्या नेहरू स्टेडियमवर त्याच्या अंत्यदर्शनाला माणसांचा पूर लोटला होता. २४ डिसेंबर २०२४ ला पूंछमध्ये फौजेची गाडी दरीत कोसळून अकराव्या मराठाचे पाच जवान गेले. त्यातले तिघे आपल्या कर्नाटकातले. पलटणीचं नाव मराठा, पण तिच्यात कानडी बोलणारी पोरंही आहेत आणि मराठी बोलणारीही. भाषेवरून आपण इथे किती भांडलो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिरंग्यातली पेटी गावात आली की वेशीवर उभा राहणारा माणूस कुठल्या भाषेत रडतो, हे कुणी विचारत नाही.

तिथे फौजेचा इतमाम असतो. जवान बंदुका उलट्या धरून मान खाली घालतात, हवेत फैरी झडतात, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजतो. घोडदळाच्या काळात स्वाराच्या अंत्ययात्रेत त्याचा घोडा रिकाम्या खोगिराचा चालवत आणि रिकिबीत बूट उलटे अडकवत. आता घोडे गेले, तरी पुढे कुणीतरी चालावं ही माणसाची इच्छा गेलेली नाही. पोरं गाड्या काढतात ती त्याच पोटी, हे त्या सकाळी माझ्या लक्षात आलं.

पण रिटायर होऊन वीस-पंचवीस-तीस वर्षांनी अंथरुणावर गेलेल्या हवालदाराकडे बहुधा कुणी फिरकत नाही. त्यानं गोळी झेलली नाही, हाच जणू त्याचा गुन्हा!

मी काकूंकडे गेले. त्या चुलीपुढच्या पाटावर बसून होत्या, बायका भोवती. मी कानाशी जाऊन पोरांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं, नको म्हणतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाड्या आणूंद्यात. पण आवाज नको. हॉर्न नको, फटाके नको. त्यांना सोसत नव्हतं."

तेव्हा मला सगळ्या दिवाळ्या आठवल्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री माळ लागली की काका आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. पोरं हसायची. "मेजर, लवंगीला भ्याला व्हय?" काकाही हसण्यावारी न्यायचे. मीसुद्धा कधी हसले असेन.

काका जमालपूरला होते. डिसेंबर १९७१. आत्ताचा बांगलादेश. ब्रह्मपुत्रा ओलांडून जंगी पलटण शत्रूच्या पाठीमागे, ढाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर जाऊन बसली होती. शरण या, असं पत्र त्यांच्या ब्रिगेडच्या कमांडरनं, ब्रिगेडियर एच. एस. क्लेर यांनी, आत पाठवलं. पाकिस्तानी कर्नलचं उत्तर आलं, त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली. गोळीचा हा किस्सा काका रंगवून सांगायचे. १० डिसेंबरच्या रात्री आतलं सैन्य फळी फोडून बाहेर पडायला निघालं आणि मराठ्यांच्या मोर्चांवर आदळलं. सकाळपर्यंत जमालपूर पडलं. पण त्या रात्रीचं काका कधी सांगत नसत. किस्सा गोळीपाशी थांबायचा आणि ते चहा मागायचे. काकू म्हणाल्या, "चोपन्न वर्षं झाली. झोपेत अजून दचकून उठायचे."

मी बाहेर येऊन पोरांना एवढंच सांगितलं. लवंगीवरून हसणारी पोरं हीच होती. कुणी वर बघेना.

तेवढ्यात दुसरा पेच. एका पोरानं मोठा तिरंगा आणला होता, काकांवर घालायला. गल्लीतल्याच एका रिटायर सुभेदारांनी अडवलं. म्हणाले, "बाळ, तसं चालत नाही." २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे सरकारी, लष्करी आणि निमलष्करी इतमामाची अंत्ययात्रा सोडली तर तिरंगा पार्थिवावर पांघरता येत नाही. लष्करी इतमाम असेल तरी नियम आहेत: केशरी पट्टा डोक्याकडे हवा आणि ध्वज चितेवर किंवा खड्ड्यात जाता कामा नये. गाडीच्या बॉनेटवर, टपावर वा मागे तो पांघरायचा नाही, हेही त्यात आहे. आपण किती वेळा हे मोडतो, तेही प्रेमापोटीच.

हे ऐकून काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे यांचा तेवढासुद्धा हक्क नाही?" सुभेदारांनी त्यांच्यापुढे खाली बसून शांतपणे सांगितलं, "वैनी, हक्काचं नाही हे. त्या झेंड्याचा मान हवालदारसाहेबांनी पाळला, तो आपणही पाळायचा." काकू उठल्या. पलंगाखालची ट्रंक ओढली. तीत काकांची बेरे टोपी होती, शिंगाच्या बिल्ल्याची, आणि फडक्यात बांधलेली पदकं. त्यांत बांगलादेशच्या लढाईचा पूर्वी स्टार. "मग हे घ्या," म्हणाल्या. "हे तर त्यांचं स्वतःचं आहे ना?"

घाटाखालचं मला पोरांनी नंतर सांगितलं. सव्वीस गाड्या होत्या. सुभेदारांनी शिस्त लावून दिली. दोन-दोनच्या रांगा, दिवे चालू, डोक्यावर हेल्मेट, एका गाडीवर एकच माणूस. पुढे एक जाणता, मागे एक जाणता. हायवेची एक बाजू मोकळी, कुणाची गाडी अडवायची नाही. ज्याचा सायलेन्सर फुटका, त्यानं गाडी लावून चालत यायचं. असे तिघे निघाले आणि गावापर्यंत चालत आले.

मी वेशीपर्यंत गेले होते. आमच्यात बायका त्याच्या पुढे जात नाहीत. मोटारसायकल हळू चालवणं फार अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या गिअरात, क्लच दाबत-सोडत, पाय टेकत. एकाची गाडी बंद पडली, त्यानं किक मारली नाही, ढकलत नेली. सगळ्यांत पुढे काकांची एम-एटी होती, इंजिन बंद. तीही एक पोरगा हातानं ढकलत होता. सीटवर टॉवेल, टॉवेलावर टोपी आणि पदकं. घोषणा नव्हती. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीच्या गाड्या थांबल्या, बैल तेवढे घुंगरं वाजवत होते. काकू माझा हात धरून उभ्या होत्या. गाड्या पुढे गेल्यावर म्हणाल्या, "एवढी पोरं होती, आणि त्यांना त्रास झाला नाही बघ."

अमेरिकेत अशा मोटारसायकलवाल्यांची एक मोठी संघटना आहे, 'पेट्रियट गार्ड रायडर्स'. २००५ साली कॅन्ससमध्ये ती सुरू झाली. तिथला एक छोटा धर्मपंथ सैनिकांच्या अंत्ययात्रेबाहेर फलक घेऊन उभा राहायचा आणि घरच्यांना ऐकू जाईल अशा घोषणा द्यायचा. पुढे २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा बोलण्याचा हक्क मान्यही केला. मग दुःखातल्या माणसांना आडोसा कोण देणार? हे मोटारसायकलवाले मधे झेंडे धरून उभे राहायचे आणि घोषणा ऐकू येऊ नयेत म्हणून इंजिनं फिरवायचे. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. आता ते म्हाताऱ्या माजी सैनिकांनाही पोचवायला जातात. त्यांचा एक नियम मला सगळ्यांत आवडला: घरच्यांनी बोलावलं तरच जायचं.

तिथे आवाजानं आडोसा दिला, आमच्या गावात शांततेनं. कुठे काय द्यायचं हे घरच्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून आधी विचारायचं. आमच्या पोरांनी त्या सकाळी विचारलं आणि मी मात्र न विचारताच त्यांच्यावर ओरडले होते, हे इथे कबूल करते.

तुमच्याही गल्लीत एखादे मेजर असतील. कट्ट्यावर बसणारे, तेच ते किस्से सांगणारे. त्यांच्यासाठी गाड्या काढायची वेळ येईल तेव्हा येईल. त्याआधी एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. किस्सा जिथे थांबतो तिथे लगेच उठू नका. आणि या दिवाळीत माळ लावण्याआधी त्यांच्या दाराकडे एकदा बघा.