नाणे आणि व्रत

मयूरपिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. दिगंबर मुनींजवळ याहून चौथी वस्तू नसते. अंगावर वस्त्र नाही, जेवायला ताट नाही. दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत पडेल तेवढाच आहार. त्या ओंजळीत पैसा कधी पडत नाही. अशा मुनींच्या गौरवार्थ देशाने नाणे पाडले आहे.

एक नव्हे, दोन. आचार्य विद्यासागर महाराजांच्या स्मरणार्थ शंभर रुपयांचे नाणे ६ फेब्रुवारी २०२५ रोजी डोंगरगडला प्रकाशित झाले. आचार्य विद्यानंद महाराजांच्या जन्मशताब्दीचे नाणे त्याच वर्षी २८ जूनला दिल्लीत. एकाचे जन्मगाव सदलगा, दुसऱ्याचे शेडबाळ. दोन्ही गावे बेळगाव जिल्ह्यातली. पण सोयरीक, ऊस आणि बाजार यांनी कोल्हापूरशी बांधलेली. इथल्या जैन समाजाला अभिमान वाटणारच. तो रास्तच आहे. प्रश्न त्यापुढचा आहे.

असे नाणे चालवायचे नसते. ते व्यवहारात येतच नाही. टांकसाळ त्याचा संच विकते आणि शंभराचे नाणे शंभराला मिळत नाही. घेणारा ते डबीसकट कपाटात ठेवतो. ज्यांनी साठवण सोडली, त्यांच्या नावाने घरोघरी एक साठवण वाढते. चांदीच्या कारागिरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीच्या मुलखाला या नाण्यातल्या चांदीचे एवढे अप्रूप कशाला हवे?

काहीही न साठवण्याचे मुनींचे महाव्रत संसारी माणसाला झेपणारे नाही, हे परंपरेने केव्हाच ओळखले. म्हणून श्रावकाला परिग्रहपरिमाण सांगितले. किती ठेवायचे, याची मर्यादा ज्याची त्याने घालायची. शेत, घर, सोने, धान्य अशी त्याची यादीच आहे. त्या यादीत चांदी नावानिशी आहे. मंदिरात पंचकल्याणक थाटात होते, चातुर्मासात प्रवचनाला मंडप भरतो. पण हे परिमाण खरोखर किती घरांत ठरवले जाते?

श्रद्धेने घेतलेल्या एका नाण्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. एका नाण्याने काही बिघडत नाही. पण नाणे घरात आले की स्मरण झाले, असे वाटू लागते, तिथे बिघडते. विद्यासागर महाराजांनी हातमागाचा आग्रह धरला. त्यांच्या प्रेरणेने सागरच्या मध्यवर्ती तुरुंगात कैदी माग चालवू लागले. ज्या हातांना समाजाने टाकले, त्यांना त्यातून काम मिळाले. संचाची किंमत अशा कापडावर खर्च केली, तर ती कोणाच्या तरी मजुरीला लागते. कपाटातल्या नाण्याने कोणाच्याही घरची चूल पेटत नाही.

सरकारने आपल्या परीने मान दिला. श्रावकांनी द्यायचा मान वेगळा आहे. संचाची नोंदणी करण्याआधी घरात बसून आपले परिमाण कागदावर लिहून काढावे. त्यापलीकडे जे उरेल, ते घराबाहेर पडले पाहिजे.